श्रवणापासून आत्मनिवेदनापर्यंत : संत बहिणाबाई शिऊरकर

(लेखक : एक कीर्तनकार, कळसाडी, जि. नंदुरबार)

श्रीमद्भागवतात प्रल्हादाच्या तोंडून भक्तीचे नऊ प्रकार सांगितले आहेत. त्यांत पहिले श्रवण आणि शेवटचे आत्मनिवेदन, हे आपल्या संप्रदायात माळ घातलेल्या पोरालासुद्धा ठाऊक असते. पण पहिल्यापासून नवव्यापर्यंतची वाट किती लांब आहे, याचा विचार आपण फारसा करीत नाही. श्रवण आपण पुष्कळ करतो. वाचनही श्रवणाच्याच पोटात आले. पोथी डोळ्यांनी वाचली काय आणि कानांनी ऐकली काय, काम एकच. दुसऱ्याने भोगलेला अनुभव आपल्या अंतःकरणात घ्यायचा. आत्मनिवेदनाची दिशा उलटी आहे. तिथे स्वतःच्या अंतःकरणात जे बरेवाईट साठले आहे ते बाहेर काढून देवापुढे मांडायचे. संस्कृतात निवेदन म्हणजे कळवणे, तसेच निवेदन म्हणजे अर्पण करणे. आपला नैवेद्य हा शब्द त्याच कुळातला. म्हणून मी असे म्हणतो, की वाचन हा प्रसाद आहे आणि स्वतःविषयी लिहिणे हा नैवेद्य आहे. प्रसाद ओंजळ पुढे केली की मिळतो. नैवेद्याला चूल आपली लागते, धूर आपल्या डोळ्यांत जातो, आणि मीठ कमीजास्त झाले तर तो दोषही आपलाच.

हा भेद पटवून द्यायला शास्त्रवचने पुष्कळ सापडतील. पण वचनापेक्षा चरित्र लवकर पटते. म्हणून आज संत बहिणाबाईंचे चरित्र घेऊ.

आमच्या खानदेशात बहिणाबाई म्हटले की आधी असोद्याच्या बहिणाबाई चौधरी आठवतात, आणि ते साहजिकच आहे. त्या इ. स. १८८० ते १९५१ या काळातल्या. आपण आज ज्यांच्याविषयी बोलणार त्या त्यांच्याही अडीचशे वर्षे आधीच्या, तुकोबारायांच्या शिष्या, शिऊरच्या बहिणाबाई. दोघींचे नाव एक. गावे निराळी, काळ निराळा. तरी दोघींना जोडणारा एक धागा आहे, तो पुढे ओघाने येईल.

बहिणाबाईंचा जन्म शके १५५० चा, म्हणजे इ. स. १६२८ चा. वेरुळाजवळचे देवगाव हे त्यांचे जन्मगाव. आज ते कन्नड तालुक्यात देवगाव रंगारी म्हणून ओळखले जाते. वडिलांचे नाव आऊजी कुलकर्णी, आईचे जानकी. कुलकर्ण म्हणजे गावचे दप्तर. कोणाची जमीन किती, वसूल किती आला, बाकी किती राहिली, हे सगळे कुलकर्ण्याने लिहून ठेवायचे. म्हणजे लेखणी घरात होती. पण ती गावाच्या हिशेबासाठी होती, आणि घरातल्या मुलीच्या हाती ती देण्याची त्या काळी रीत नव्हती.

बहिणा अगदी लहान असतानाच तिचे लग्न झाले. नवरा शिऊरचा पाठक, तिशीचा, बिजवर. मुलगी अजून खेळण्याच्या वयाची. ही त्या काळाची चाल होती. पण चाल होती म्हणून मुलीच्या वाट्याचे दुःख कमी होत नाही. पाठक म्हणजे पाठ म्हणणारा, वाचणारा. नवरा वेद शिकलेला होता आणि त्या विद्येवर त्याचा चरितार्थ चाले. म्हणजे माहेरी दप्तर आणि सासरी पोथी. या दोहोंच्या मध्ये ही मुलगी वाढली, आणि दोन्हींपैकी एकावरही तिचा अधिकार नव्हता. वेद तर स्त्रियांना बंदच. पोथी दुसऱ्याने वाचायची, हिने ऐकायची.

ती नऊ वर्षांची असेल नसेल, तोच घरावर संकट आले. भाऊबंदकीचा तंटा उठला आणि देवगाव सोडण्याची पाळी आली. आई, वडील, नवरा आणि ही पोर, असा सगळा संसार पाठीवर बांधून ही माणसे गोदावरीच्या काठाकाठाने निघाली. कोरान्न मागावे, मिळेल ते शिजवावे, आणि पुढच्या गावाची वाट धरावी. त्या भटकंतीत पंढरपूर घडले, शिखर शिंगणापूर घडले. वारकरी मंडळी पायी चालतात ती हौसेने आणि प्रेमाने. हे चालणे तसे नव्हते. हे घर सुटलेल्यांचे चालणे होते. पण पंढरीला पोचल्यावर त्या लहान मुलीच्या मनाला विठ्ठलरूपाने जो चटका लावला, तो जन्मभर गेला नाही.

फिरत फिरत मंडळी कोल्हापुरास आली. तिथे एका वेदपाठी ब्राह्मणाने आपल्या घरात जागा दिली. त्या घरी पुराण चाले. गावात जयरामस्वामींची कीर्तने होत. देहूच्या तुकोबारायांचे अभंग त्या कीर्तनांतून गायले जात. तुकोबाराय तेव्हा देहूस हयात होते, आणि त्यांचे शब्द मात्र माणसांच्या मुखाने, बाडांतल्या पानांनी, पाऊणशे कोसांवरून कोल्हापुरास पोचले होते. ज्यांना कधी पाहिले नाही त्यांचे शब्द ऐकून बहिणाबाईंच्या मनात त्यांनाच गुरू मानण्याची ओढ उपजली. हा श्रवणाचा महिमा. न पाहिलेल्या माणसाचे अंतःकरण आपल्या घरी आणून बसवण्याची ताकद वाचनाश्रवणातच आहे, आणि ती कोणी कमी लेखू नये.

आता त्यांच्या चरित्रातली वासराची कथा. ती आपण कीर्तनांत ऐकलेली असते, पण तिच्यातले मर्म ध्यानात घ्या. घरधन्याला दान मिळालेली एक कपिला गाय त्याने पाठकांना दिली. तिला वासरू झाले, आणि त्या वासराला बहिणेचा असा लळा लागला की ती जाईल तिकडे ते मागे. ती नसली तर ते दूध पिईना. पुराणाला गेली तर पुराणाला, कीर्तनाला गेली तर कीर्तनाला. एका एकादशीला गर्दी फार झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर घालवले. ते बाहेर हंबरू लागले. जयरामस्वामींना हे कळले तेव्हा त्यांनी त्याला आत आणवले, आणि वासराच्या व बहिणेच्या, दोघांच्याही मस्तकावरून हात फिरवला. एवढीच गोष्ट. पण गावात तिची कुजबूज झाली, ती नवऱ्याच्या कानी गेली, आणि त्याचा संताप अनावर झाला. आपण एवढे विद्वान, आणि साधू कौतुक करणार ते आपल्या अडाणी बायकोचे! त्याने तिला निर्दयपणे मारले. गाईवासराने वैरण-पाणी टाकले. पुढे ते वासरू मेले. बहिणाबाई शुद्ध हरपून पडल्या.

त्या बेशुद्धीच्या दिवसांत त्यांना तुकोबारायांचे दर्शन झाले. कार्तिक वद्य पंचमी, रविवार, ही तिथी आणि हा वार त्यांनी स्वतःच सांगून ठेवला आहे. शके १५६९, म्हणजे इ. स. १६४७, असे ते वर्ष धरतात. तुकोबारायांनी मस्तकावर हात ठेवला, कानात मंत्र सांगितला, आणि हातात मंत्रगीता नावाचे पुस्तक दिले. जिला कोणी पोथीवर अधिकार दिला नव्हता तिच्या हाती सद्गुरूंनी स्वप्नात ग्रंथ ठेवला.

यापुढचा भाग अवघड आहे. ब्राह्मणाच्या बायकोने कुणबी वाण्याला गुरू मानले, हे नवऱ्याला सोसेना. त्याने घर सोडून जाण्याचे ठरवले. बहिणाबाई त्या वेळी गरोदर होत्या. एकीकडे विठ्ठल आणि गुरू, दुसरीकडे नवरा; आणि त्या काळच्या शास्त्राने नवऱ्यालाच देव ठरवलेले. त्यांचे मन किती दिवस दोन्हीकडे ओढले गेले हे त्यांनी लपवलेले नाही. नवराच गेला तर या देवाचे करायचे काय, इथपर्यंतचा विचार त्यांच्या मनात आला, तोही त्यांनी जसाच्या तसा सांगितला आहे. मग तो निघण्याच्या बेतात असतानाच आजारी पडला. दुखणे लांबले. ज्या हातांना त्याने मारले होते त्याच हातांनी त्याची सेवा केली. त्या दुखण्यात त्याला पश्चात्ताप झाला, त्याचे मन पालटले, आणि बरा झाल्यावर तोच बायकोला घेऊन देहूला निघाला.

सज्जनहो, इथे क्षणभर थांबू या. ही सगळी हकीकत आपल्याला कळली कशी? तो पाठक जन्मभर वाचत होता, पाठ म्हणत होता. त्याच्या वाचनातले आज काय उरले? त्याची जी काही ओळख जगाला आहे ती बायकोने सांगितली तेवढीच. आणि तिने काय सांगितले? मारले तेही सांगितले, पालटला तेही सांगितले. सूड म्हणून एक रेघ वाढवली नाही, आणि लाज म्हणून एक रेघ पुसली नाही. कुलकर्ण्याची लेक खरी! जमा तिथे जमा, खर्च तिथे खर्च. फरक एवढाच, की बापाने गावाचे दप्तर लिहिले आणि लेकीने आपल्या जिवाचे.

हा हिशेब वाचनाने होत नाही. वाचताना आपण दुसऱ्याच्या दुःखावर रडतो, आणि डोळे पुसून उठल्यावर वाटते की आपले मन किती कोवळे. पण आपण स्वतः कोणाला दुखावले, कोणत्या दिवशी देवाचा संशय घेतला, कोणत्या भीतीपोटी गप्प बसलो, हे पोथी विचारीत नाही. लिहायला बसले की पहिल्याच ओळीला ते समोर उभे राहते. खोटे लिहावे तर हात अडखळतो, खरे लिहावे तर मन अडखळते. त्या अडखळण्यातच माणसाला आपण कोण आहोत हे कळू लागते.

असो. मंडळी देहूस पोचली. तुकोबारायांचे प्रत्यक्ष दर्शन झाले. उतरायला जागा हवी म्हणून मंबाजी गोसाव्याच्या मठात विचारले, आणि तिथे विपरीत घडले. हे ब्राह्मण तुकोबांना गुरू मानतात असे कळताच मंबाजी खवळला. त्याने त्यांना छळले, त्यांची गाय धरून बांधली आणि मारली. आणि त्या माराचे वळ तुकोबारायांच्या पाठीवर उमटले, ही कथा बहिणाबाईंनीच सांगितली आहे. या मंबाजीने आणखी एक केले. पुण्यास आपाजी गोसावी म्हणून होते, त्यांना त्याने पत्र लिहिले, की एक शूद्र कीर्तन करतो आणि ब्राह्मण त्याच्या पाया पडतात, याचा बंदोबस्त व्हावा.

आता पाहा, लेखन मंबाजीनेही केले. अक्षर त्याला येत होते, कागद होता, दौत होती. पण त्याच्या पत्रात सगळे दुसऱ्याविषयी होते. दुसऱ्याचा दोष, दुसऱ्याची जात, दुसऱ्याचा अपराध. स्वतःविषयी एक अक्षर नाही. त्याच देहूत, त्याच दिवसांत, बहिणाबाई जे मनात साठवीत होत्या त्यात दोष आला तो आधी आपला. तेव्हा नुसते लिहिले म्हणजे निवेदन झाले असे समजू नका बरं का. चुगलीही लिहूनच करता येते.

देहूतल्या त्या वास्तव्यात बहिणाबाईंना मुलगी झाली, तिचे नाव काशी. पुढे मुलगा झाला, विठोबा. तुकोबारायांचे कीर्तन त्यांनी समोर बसून ऐकले. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या तेरा दिवसांनी वर आल्या, या प्रसंगाचा उल्लेख त्यांच्या अभंगांत येतो, आणि तुकोबांच्या काळातल्याच माणसाची साक्ष म्हणून त्याला मोल आहे. इ. स. १६५० मध्ये तुकोबाराय वैकुंठास गेले. त्यानंतर बहिणाबाईंचे पुढचे आयुष्य शिऊरला गेले. हे शिऊर आज वैजापूर तालुक्यात आहे.

शिऊरच्या त्या वर्षांत बाहेरून पाहणाऱ्याला सांगण्यासारखे फार काही घडले नाही. संसार, मुले, नातवंडे, एकादशी, कीर्तन. पण आतमध्ये मोठे काम चालले होते. वज्रसूची म्हणून एक संस्कृत ग्रंथ आहे. ब्राह्मण कशाने होतो, जन्माने की ज्ञानाने, याचा त्यात विचार आहे. त्याचा आशय बहिणाबाईंनी मराठी अभंगांत आणला. मंबाजीच्या तक्रारीला हे उत्तर म्हणायचे तर खुशाल म्हणा. पण त्यात मंबाजीचे नाव घेऊन भांडण नाही. शास्त्राने शास्त्राचा निवाडा आहे. ऐकलेले आणि शिकलेले पचल्यावर ते असे आपल्या वाणीने बाहेर येते. पुंडलिकाचे माहात्म्य त्यांनी गायले, पतिव्रताधर्मावर गायले, गुरुपरंपरा गायली. आदिनाथापासून आपल्या गुरूपर्यंत ज्ञान कसे उतरत आले ते सांगितले. वारकरी पंथाला देवळाची उपमा देऊन ज्ञानदेवांना पायाशी आणि तुकोबारायांना कळसाला बसवणारा अभंग संप्रदायात घरोघरी म्हटला जातो; तोही बहिणाबाईंचाच मानतात. पुष्कळांच्या तोंडी तो असतो, कोणाचा ते मात्र थोड्यांनाच सांगता येते. आमच्या कळसाडी गावाच्या नावातच कळस आहे म्हणून मी कीर्तनात तो अभंग घेतो, आणि घेताना तो रचणाऱ्या बाईचे नाव आवर्जून सांगतो.

शके १६२२, म्हणजे इ. स. १७००. बहिणाबाई बहात्तर वर्षांच्या झाल्या. अंतकाळ जवळ आला हे त्यांनी ओळखले. मुलगा विठोबा तेव्हा आपल्या बायकोच्या उत्तरकार्यासाठी शुक्रेश्वरास गेला होता. तो परत आला. आईने त्याला जवळ बसवले आणि आपले मागले बारा जन्म सांगितले. हा तेरावा आणि शेवटचा. त्या जन्मांतही तू माझ्या संगतीला होतास, असे तिने मुलाला सांगितले. आश्विन शुद्ध प्रतिपदेला त्यांनी देह ठेवला. शिऊरला त्यांची समाधी आहे.

जन्मजन्मांतरीची ही कथा आजच्या चिकित्सक माणसाला कशी वाटते, तो त्याचा प्रश्न. माझे लक्ष दुसरीकडे जाते. मरणाच्या दारात असलेली एक आई आपल्या लेकाला पैसाअडका कुठे ठेवला ते सांगत बसली नाही. मी कोण होते, कुठून आले, काय सोसले आणि शेवटी कुठे पोचले, हे सांगत बसली. हेच तिचे मृत्युपत्र. आणि त्या लेकाने ते ऐकून घेतले. त्याने कान दिले नसते तर ते सांगणे शिऊरच्या मातीतच जिरले असते.

बहिणाबाईंच्या या स्वचरित्राच्या अभंगांना आत्मनिवेदन हेच नाव आहे. मराठीतल्या आद्य आत्मचरित्रांत त्यांची गणना होते, आणि स्त्रीने सांगितलेल्या आत्मचरित्रांत तर त्यांचे स्थान पहिले मानतात. त्याच शतकात उत्तरेकडे आग्र्यास बनारसीदास नावाच्या जैन व्यापाऱ्याने इ. स. १६४१ मध्ये अर्धकथानक या नावाने आपले अर्धे आयुष्य पद्यात लिहिले. म्हणजे आपल्या देशात माणसाने स्वतःविषयी लिहिलेच नाही, हे म्हणणे बरोबर नव्हे. बहिणाबाईंचे अभंग दोनशेवर वर्षे हस्तलिखित बाडांतच राहिले. इ. स. १९१३ मध्ये धोंडो विनायक उमरखाने यांनी ते छापून प्रसिद्ध केले, आणि १९२९ मध्ये जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने त्यांचा इंग्रजी अनुवाद काढला. देवगावच्या पोरीच्या वासराची गोष्ट सातासमुद्रापार गेली.

आता शंकासमाधान.

पहिली शंका अशी, की स्वतःविषयी लिहिण्याने अहंकार वाढत नाही काय? मी असे केले, मला असे झाले, ओळीओळीला मी. संतांनी तर मीपणा टाकायला सांगितला. समाधान असे, की ज्याला आपण टाकतो ते आधी हातात तर घ्यावे लागते! मुठीत काय आहे ते न पाहताच देवाला दिले म्हणणारा माणूस पुष्कळदा मूठ तशीच घरी घेऊन येतो. बहिणाबाईंच्या निवेदनात मी आहे, पण ती मी देवापुढे उभी आहे. तिथे फुशारकीला जागाच नाही. लिहिलेले कोणापुढे ठेवायचे आहे, यावर अहंकार वाढणार की गळणार हे ठरते.

दुसरी शंका, मग वाचन सोडावे काय? छे! वाचन म्हणजे काय ते एकनाथ महाराजांनी दाखवून दिले. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, पाठ ताडून, ग्रंथ शुद्ध केला, आणि त्यात कोणी आपल्या पदरची ओवी घालू नये असे बजावले. स्वतः एवढे समर्थ कवी, पण ज्ञानेश्वरीत स्वतःला घुसू दिले नाही. वाचणाराचा धर्म हा, की दुसऱ्याच्या शब्दांत आपले मिसळू नये. आणि स्वतःविषयी लिहिणाराचा धर्म याच्या उलट, की आपल्या अनुभवात दुसऱ्याचे उसने मिसळू नये. गाथेतले आर्त उचलून आपल्या वहीत लिहिले तर अक्षर आपले, पण अनुभव तुकोबांचा. तो आपला होत नाही. बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू केले, पण तुकोबांचे दुःख उसने घेतले नाही. तुकोबांचे दुःख दुष्काळाचे होते, दिवाळ्याचे होते. बहिणाबाईंचे मारझोडीचे आणि मेलेल्या वासराचे. नैवेद्य आपल्याच चुलीचा लागतो तो असा.

तिसरी शंका महत्त्वाची. ज्याला अक्षरच येत नाही त्याने काय करावे? इथे असोद्याच्या बहिणाबाईंचा धागा जोडायचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या गात होत्या. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पीतांबर यांनी ती गाणी ऐकून उतरून घेतली, म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली. शिऊरच्या बहिणाबाईंनी अखेरचे सांगणे लेकाच्या कानी घातले, आणि असोद्याच्या बहिणाबाईंचे गाणे लेकाने कागदावर घेतले. तुकोबांच्या अभंगांचेही तसेच. चाकणचे संताजी जगनाडे आणि कडूसचे गंगाराम मवाळ यांनी ते लिहून घेतले असे संप्रदाय सांगतो. तेव्हा बोरू कोणाच्या हाती आहे हे गौण आहे. आपले सांगायचे धैर्य एकाला हवे, आणि ऐकून घेण्याची माया दुसऱ्याला हवी.

बंगालमध्ये एकोणिसाव्या शतकात राससुंदरी देवी म्हणून एक वैष्णव गृहिणी होऊन गेल्या. बाईने अक्षर शिकणे पाप, असा तेव्हाचा समज. त्यांना चैतन्यभागवत वाचायची तळमळ. त्यांनी त्या ग्रंथाचे एक पान काढून स्वयंपाकघरात लपवले, आणि रांधता रांधता चोरून एकेक अक्षर लावून त्या वाचायला शिकल्या. पण लिहिणे त्यानंतरही कितीतरी वर्षे आले नाही. परगावच्या मुलाने पत्राचे उत्तर मागितले, साहित्य आणून दिले, तेव्हा कुठे त्यांनी लेखणी धरली. आणि मग आपले आयुष्य लिहिले. चोरून का होईना, वाचन एकटीने साधले. लिहायला मात्र कोणीतरी उत्तराची वाट पाहणारा लागला. हे नीट मनात धरा.

आपल्या गावोगावी सप्ताह होतात. पारायणाला बसणाऱ्यांत आयाबायाच अधिक असतात. कित्येकींना हरिपाठ तोंडपाठ, कित्येकींच्या पायाखालून पंढरीची वाट वर्षानुवर्षे गेलेली. दुष्काळात वारी कशी केली, कडेवरचे मूल घेऊन चंद्रभागेचे पाणी कसे ओलांडले, घरातून विरोध असताना माळ कशी घातली, हे त्यांच्यापाशी आहे. पण त्यांना कोणी विचारीत नाही, आणि त्या आपण होऊन सांगत नाहीत. आपल्या आयुष्यात सांगण्यासारखे आहेच काय, असे त्यांना वाटते. देवगावच्या त्या मुलीलाही लोकांनी हेच सांगितले असते. एक म्हातारी गेली की तिच्याबरोबर एक न लिहिलेली पोथी जाते, आणि आपण तिच्या तेराव्याला दुसऱ्याने लिहिलेली पोथी वाचतो!

तेव्हा माझी वारकरी मंडळींना एवढीच प्रार्थना आहे. नित्याचे वाचन सोडू नका. रोजचा हरिपाठ, रोजच्या ओव्या, चालू द्या. पण त्याबरोबर एक साधी वही ठेवा. तिच्यात अभंग रचायची गरज नाही, अलंकाराची तर मुळीच नाही. तिथी घाला, वार घाला, आणि त्या दिवशी मनाने जे केले ते खरे खरे लिहा. देवावर रागावलो तर तसे, कोणाला दुखावले तर तसे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यापाशी घरातल्या शिकलेल्या पोराने, सुनेने, नातीने बसावे, आणि आजी, तुझे सांग, असे म्हणावे. एकादशीला फराळ झाल्यावर घटकाभर बसले तरी पुरे. ती वही छापायची नाही, मिरवायची नाही. पांडुरंगापुढे ठेवायची, आणि घरातल्या पुढच्या माणसासाठी जपायची.

श्रवणाने बहिणाबाईंना गुरू मिळाले. आत्मनिवेदनाने त्यांनी आपले सगळे, मारासकट आणि संशयासकट, गुरूंच्या आणि देवाच्या पायी ठेवले. तीनशे वर्षे होऊन गेली तरी ते तिथे ठेवलेले आहे, आणि आपण त्याचा प्रसाद खातो आहोत.

रामकृष्णहरि.